पाळण्यात बसा, पण पाहून बसा

हलकं धान घरी आलं, भारी धान अजून बांधीत उभं आहे, आणि दिवाळी सरली की आपल्या झाडीपट्टीत मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा दंडार नाहीतर खडी गंमत, रात्री वडशाहून आलेल्या मंडळीचं नाटक. भाऊबीजेला आलेल्या माहेरवाशिणी मंडई पाहिल्याशिवाय परत जात नाहीत. आणि मंडई म्हटली की पाळणा आलाच. आज त्या पाळण्याबद्दल बोलू. तो कसा फिरतो, पोटात गोळा का येतो आणि बसण्याआधी काय पाहायचं, एवढ्या तीन गोष्टी.

आमच्या गटातल्या वयस्क बायांना विचारलं, तर त्यांना लाकडाचा पाळणा आठवतो. दोन मजबूत खांब, मधोमध बैलगाडीच्या चाकाला असतो तसा आस, आणि चार पेट्या. चार आणे दिले की चार-सहा फेऱ्या. इंजिन नाही, वीज नाही. दोन माणसं हातानं पेट्या ढकलायची, वेग आला की नुसता हात लावत राहायची. कोणी रडायला लागलं की लगेच थांबवायची, कारण बसणाऱ्याचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर असायचा.

याला राहाटपाळणा म्हणतात, कारण तो विहिरीवरच्या राहाटासारखा आहे. राहाटाला गाडगी बांधलेली असतात. भरलेली वर येतात, रिकामी खाली जातात. इथे गाडग्यांच्या जागी माणसं. हा पाळणा फार जुना आहे. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशानं 1620 मध्ये तुर्की राज्यातल्या एका गावी असा पाळणा पाहून लिहून ठेवलं होतं. पुढे 1893 मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात जॉर्ज फेरिस या इंजिनिअरनं लोखंडाचा प्रचंड पाळणा उभा केला. उंची सुमारे 80 मीटर, डबे 36, आणि एकेका डब्यात 60 माणसं मावत. तेव्हापासून इंग्रजीत त्याला फेरिसचं चाक म्हणतात.

आता एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. पाळणा भरताना आपल्याला बसवतात आणि मधेच वर नेऊन थांबवतात. आपल्याला वाटतं, मुद्दाम घाबरवतात. तसं नाही. पाळणा तराजूसारखा असतो. एका बाजूला सगळी माणसं बसवली तर ती बाजू खाली खेचली जाते. म्हणून एक पेटी भरली की तिच्या समोरची भरतात. दोन्हीकडचं वजन सारखं झालं की मोठं चाकही थोड्या जोरानं फिरतं. पूर्वी मोठ्या लोखंडी पाळण्यांवर पोरं आऱ्यांवर चढायची आणि स्वतःच्या वजनानं खाली येत चाक फिरवायची. नंतर डिझेल इंजिन आणि पट्टा आला, आता विजेची मोटर आहे.

आणि पोटातला गोळा? आपण बसतो तेव्हा खालची फळी आपल्याला वर रेटत असते, म्हणून आपल्याला आपलं वजन जाणवतं. पाळणा वरून खाली यायला लागला की फळी आपल्याखालून सरकते, तिचा रेटा कमी होतो. अंग हलकं वाटतं. पोटातली आतडी-जठर घट्ट बांधलेली नसतात, तीही त्या क्षणी हलकी होतात. तोच गोळा.

मोठ्या बागांमधली रोलर कोस्टर गाडीही याच हिशोबावर चालते. तिची सुरुवात रशियातल्या बर्फाच्या घसरगुंड्यांपासून झाली. 1884 मध्ये न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला लाकडी चढ-उतारांवर धावणारी गाडी सुरू झाली. आपल्या देशात दिल्लीचं अप्पूघर 1984 मध्ये उघडलं. 1982 च्या आशियाई खेळांचा छोटा हत्ती अप्पू, त्याचंच नाव दिलं होतं. ते 2008 मध्ये बंद झालं. मुंबईजवळ गोराईला 1989 मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. आमच्या वयाच्या पोरींनी त्याची जाहिरात टीव्हीवर पाहिली, आणि मंडईतल्या पाळण्यात बसून तेच समाधान मानलं. अशा गाडीला बहुतेक वेळा स्वतःचं इंजिन नसतं. साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते, पुढे ती उतारावर सोडलेल्या सायकलीसारखी धावते. घासण्यात थोडा जोर जातो, म्हणून पुढचे चढ पहिल्यापेक्षा कमी उंच ठेवतात.

म्हणजे पाळण्याची मजा ही भीतीची मजा आहे. भीती वाटावी, पण इजा होऊ नये. जुन्या पाळण्यात ती काळजी ढकलणारा माणूस घेत होता. मोटरला चेहरा दिसत नाही. म्हणून आता आपणच डोळे उघडे ठेवायचे.

पहिलं, जमीन पाहा. मंडई बहुतेक आखरावर नाहीतर रिकाम्या बांधीत भरते. वरून कोरडी दिसली तरी आपली धानाची माती आत ओली असते. पाळण्याचे पाय नुसत्या मातीवर नकोत, खाली जाड लाकडी ओंडके हवेत आणि ते रुतलेले किंवा तिरपे झालेले नकोत.

दुसरं, एक रिकामी फेरी मारून दाखवायला सांगा. करकर आवाज येतो का, चाक डुलतं का, ते पाहा. पेटीला पुढून दांडी आणि खिटी हवी, सुतळीनं बांधलेली नको.

तिसरं, आणि हे आपल्या पोरींसाठी सगळ्यात महत्त्वाचं, केस. मोकळे केस आणि लांब वेणी फिरत्या आसात अडकून गंभीर अपघात होतात. केसांचा अंबाडा घाला, वर रुमाल बांधा. पदर खोचा, ओढणी काढून खाली कोणाजवळ द्या. कोणाचे केस अडकलेच तर ओढू नका. पाळणा थांबवा म्हणून ओरडा आणि केस डोक्याजवळ मुठीत घट्ट धरा, म्हणजे ताण कातडीवर येत नाही.

चौथं, लहान लेकराला एकटं बसवू नका. वीज गेली आणि वर अडकलात तर उभ्या राहू नका, उतरायचा प्रयत्न करू नका. चाक हातानं फिरवून खाली आणता येतं.

आणि गावपातळीवर एक काम. मंडईच्या आधी ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय घ्या. पाळणेवाल्याकडे परवानगी आहे का, यंत्राची तपासणी झाली का, मोटरजवळ पूर्ण वेळ माणूस राहील का, हे ग्रामपंचायतीला लेखी विचारा. पाळणेवाल्याशी भांडायचं नाही. तोही कुटुंब घेऊन गावोगाव फिरतो, तंबूत राहतो, त्याचं पोट यावरच आहे. पाळणा नीट चालला तर त्याचाही धंदा चालतो.

शेवटी एक सांगते. दर मंडईत मी पाहते, पोरं वर असतात, पुरुष वर असतात, आणि बाया खाली पिशव्या आणि चपला सांभाळत उभ्या असतात. वय झालं, लोक काय म्हणतील, पैसे कशाला घालवायचे. ज्यांना चक्कर येते, हृदयाचा त्रास आहे किंवा पोटात बाळ आहे, त्यांनी बसू नये. पण बाकीच्यांनी एक वेळ पिशवी दुसऱ्याच्या हाती द्यावी. वरून आपलं गाव दिसतं, बांध्या दिसतात, कधी वैनगंगेची रेघही दिसते. ते पाहायचा हक्क आपलाही आहे. केस बांधा, खिटी लावा आणि बसा.