ताप कोणत्या तारखेला आला?



आम्ही पेशाने बँकेतील कारकून आणि शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्रावर लिहिण्याचा आमचा अधिकार नाही याची आम्हांस जाणीव आहे. तरीही हा विषय घेतला, त्यास कारण घडले. काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातील एक गृहस्थ ऊसतोडीवरून रनाळ्यास परतले ते अंगात ताप घेऊनच. गोळ्यांनी ताप उतरला. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण आठ-दहा दिवसांनी ताप पुन्हा चढला, डोके ठणकू लागले, मान ताठ झाली आणि बोलणे असंबद्ध होऊ लागले. त्यांना मोठ्या दवाखान्यात हलविले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताप पहिल्यांदा कोणत्या तारखेला आला?" आम्ही पाच जण सोबत होतो, पाच जणांनी पाच उत्तरे दिली. दुसरा प्रश्न होता, "अंगाला गोचीड चिकटली होती का?" त्यावर आम्ही एकमेकांची तोंडे पाहत राहिलो.

गृहस्थ सुदैवाने बरे झाले. मात्र तो ताप कशाचा होता हे शेवटपर्यंत कळले नाही. तेव्हापासून आम्ही जाणकारांना विचारीत गेलो, मिळेल ते वाचीत गेलो. त्यातून जे समजले ते येथे सोप्या शब्दांत मांडीत आहोत.

गोचीड आपल्यास नवी नाही. गाय, बैल, शेळी, कुत्रा यांच्या कानामागे नि कासेजवळ ती आपण रोज पाहतो. पण रक्त पिऊन टरारलेली मोठी गोचीड आपल्याला दिसते, तिचे पिल्लू मात्र खसखशीच्या दाण्याएवढे असते. ते चावले तरी दुखत नाही, खाजत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. निदानातील पहिली अडचण येथेच सुरू होते. 'मला गोचीड चावली नाही' असे रुग्ण प्रामाणिकपणे सांगतो आणि ते चूक असू शकते.

आपल्या देशातील याचे ठळक उदाहरण म्हणजे माकडताप. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि आसपासची माणसेही तापाने फणफणली. दक्षिण अमेरिकेत पीतज्वराने माकडे मरतात, म्हणून प्रथम शंका आली ती पीतज्वराची. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा विषाणू निघाला निराळाच. त्याचे नाते रशियातील गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी जुळले. हेच केंद्र पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, या नावाने ओळखले जाऊ लागले. पुढे हा रोग सह्याद्रीच्या कडेने पसरत गेला. २०१५ साली गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात, केर गावाच्या परिसरात, त्याची साथ आली. काजूच्या बागेत आणि जंगलात काम करणारी माणसे त्यात सापडली.

या तापाची चाल फसवी असते. आधी अचानक थंडीताप, डोकेदुखी, अंगदुखी, कधी उलट्या. आठवडा-दोन आठवड्यांत ताप उतरतो. बहुतेक रुग्ण येथेच बरे होतात. पण शंभरातल्या दहा-वीस जणांना एक-दोन आठवड्यांच्या अवकाशाने ताप पुन्हा येतो आणि या खेपेस मज्जासंस्था सापडते. मान ताठणे, हात थरथरणे, दृष्टी अंधूक होणे, भ्रम होणे ही त्याची लक्षणे. मधल्या बऱ्या दिवसांमुळे घरचे लोक पहिला ताप विसरून जातात. डॉक्टरांसमोर दुसराच ताप तेवढा मांडला जातो.

आता मित्रहो, तपासणीची अडचण पाहू. रक्तात विषाणू सापडतो तो आजाराच्या पहिल्या दिवसांत. त्या वेळी पीसीआर नावाची तपासणी उपयोगी पडते. पुढे शरीर विषाणूशी लढण्यासाठी प्रतिद्रव्ये तयार करते आणि रक्तातील विषाणू नाहीसा होत जातो. म्हणजे मेंदूची लक्षणे दिसू लागतात तोवर पीसीआर 'निगेटिव्ह' येण्याचा संभव असतो. तेव्हा प्रतिद्रव्यांची तपासणी करावी लागते. तीही फार लवकर केली तर काही दाखवीत नाही. शिवाय डेंग्यू आणि जपानी मेंदूज्वर यांचे विषाणू याच घराण्यातील असल्याने एकाची प्रतिद्रव्ये दुसऱ्याच्या तपासणीत घोटाळा करू शकतात. अमेरिका-युरोपात गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगात वेगळाच पेच आहे. रुग्ण बरा झाल्यावरही प्रतिद्रव्ये कित्येक वर्षे रक्तात राहतात. तेव्हा 'पॉझिटिव्ह' शब्द वाचून आजचा आजार तोच, असे म्हणता येत नाही.

थोडक्यात, कोणती तपासणी करावी आणि तिच्या उत्तराचा अर्थ काय लावावा, हे तापाच्या दिवसावर ठरते. आमच्या बँकेत तारखेवाचून नोंद होत नाही. रक्ताच्या नमुन्याचेही तसेच आहे.

आणखी एक पाणी काढून तपासावे लागते, ते पाठीच्या मणक्यातले. त्याला आपली माणसे फार भितात. 'पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा पडतो' अशी समजूत आहे, ती खरी नाही. ताठ मान आणि भ्रम ही लक्षणे क्षयरोगाच्या मेंदूज्वरातही असतात, जिवाणूंच्या मेंदूज्वरातही असतात. मेंदूपर्यंत पोहोचलेल्या हिवतापातही भ्रम होतो, म्हणून त्यासाठी रक्ताची काचही पाहतात. या प्रत्येकाचे औषध वेगळे आहे. डॉक्टर आवश्यक म्हणत असतील तर सही करण्यास विलंब करू नये.

येथे कोणी विचारील, की माकडतापावर रामबाण औषध नाही, तर मग निदानाचा एवढा आटापिटा कशासाठी? त्यासही उत्तर आहे. गोचिडीमुळे रिकेट्सिया जातीच्या जिवाणूंचाही ताप येतो; तोही मेंदूपर्यंत जाऊ शकतो. त्याचाच भाऊबंद म्हणजे स्क्रब टायफस. तो गोचिडीपेक्षाही बारीक अशा माइटच्या पिल्लांमुळे होतो आणि २०१८ साली नागपूरकडे त्याची साथ आली होती. या दोन्ही तापांवर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध वेळीच दिले तर गुण येतो. म्हणून संशय बळकट असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता ते सुरू करतात. पण संशय येण्यासाठी खूण कळावी लागते. काखेत, जांघेत दडलेला लहानसा काळा खपलीदार व्रण किंवा सावळ्या कातडीवर चटकन न दिसणारे पुरळ, हे कपडे काढून पाहिल्याशिवाय सापडत नाही. संकोचापायी आपण ते दाखवीत नाही.

माकडतापाच्या साथी सह्याद्रीच्या बाजूला झाल्या, आपल्या सातपुड्याकडे नव्हे, हे खरे. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु आपले मजूर गुजरातेत जातात, ऊसतोडीला दूर जातात, गुरांमध्ये राहतात. त्याच गुजरातेत २०११ साली अहमदाबाद जिल्ह्यात गोचिडीमुळे होणारा काँगो ताप आढळला. त्यात रुग्णाबरोबर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिकाही दगावल्या. माणूस गावी परततो, पण ताप कुठला हे दवाखान्यातल्या डॉक्टरांना आपोआप कळत नाही. ते आपणच सांगावे लागते.

म्हणून आमची विनंती एवढीच. ताप आला की तारीख वहीत लिहावी. उतरला तर तीही लिहावी, पुन्हा आला तर तीही. गेल्या महिनाभरात कुठे कामाला होतो, जंगलात की गोठ्यात, आसपास गुरे किंवा माकडे मेली होती का, हे न विचारता सांगावे. दवाखान्याचे जुने कागद फेकू नयेत. अंगाला गोचीड चिकटली असेल तर रॉकेल ओतू नये, विडीचा चटका देऊ नये, चिरडू नये. बारीक चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढून काढावी आणि जागा साबणाने धुवावी. कामावरून आल्यावर अंग तपासावे, अंघोळ करावी, कपडे गरम पाण्यात टाकावेत.

विद्यार्थ्यांनी तर हे काम आपल्या घरी अवश्य करावे. ज्या घरात आईवडिलांना लिहिता येत नाही तेथे तापाची तारीख लिहिणे हे शाळेत जाणाऱ्या लेकराचे काम आहे. आम्ही पाच शिकलेली माणसे त्या दिवशी डॉक्टरांपुढे निरुत्तर झालो होतो. आमच्या वाचकांपैकी एकावरही तशी पाळी आली नाही, तर या लेखाचा हेतू सफल झाला असे आम्ही समजू.