स्क्रीन नवी, तरी अंधार कायम : दोष नेमका कुठे?

सदरच्या रेसिडेन्सी रोडवर काय किंवा मंगळवारी बाजारात काय, हिशेबाची लाल वही आता लॅपटॉपने मागे सारली आहे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाल्यापासून बिले, मालाचा साठा आणि विवरणपत्रे सारेच त्यावर आले. मासिक ३-बी विवरणपत्र २० तारखेच्या आत गेले नाही, तर कर देणे असणाऱ्यास दररोज ५० रुपये विलंब शुल्क पडते. अशा वेळी स्क्रीन गेली आणि दुरुस्तीनंतरही ती चालेना, तर व्यापारी दुहेरी कात्रीत सापडतो. दोष कुठे आहे हे ठाऊक नसले की मेकॅनिक सांगेल तेवढे पैसे मोजावे लागतात.

आमच्या कापड दुकानातील लॅपटॉपचेच घ्या. नवी स्क्रीन बसवून तो परत आला आणि झाकण थोडे मागे नेले की काळा पडू लागला. दुरुस्ती करणाऱ्याने मदरबोर्ड बदलण्याचा मोठा खर्च सांगितला. आम्ही लॅपटॉप दुकानातील टीव्हीला जोडून पाहिला. चित्र स्वच्छ दिसले. दुसऱ्या कारागिराने उघडले तेव्हा स्क्रीनच्या केबलचे टोक तिरके बसलेले निघाले. ते नीट बसवताच काम भागले.

व्यापारी बंधूंनी पुढील तपासण्या स्वतः कराव्यात. यासाठी एकही स्क्रू उघडावा लागत नाही.

पहिली तपासणी : लॅपटॉप एचडीएमआय किंवा व्हीजीए केबलने बाहेरच्या मॉनिटरला अथवा टीव्हीला जोडा. विंडोजचे बटण धरून ‘पी’ दाबले की चित्र कुठे न्यायचे ते विचारले जाते. बाहेर चित्र चांगले दिसले, तर चित्र तयार करणारा भाग बहुधा ठीक आहे. मग दोष पॅनेल, केबल, तिची जोडणी किंवा स्क्रीनला वीज देणारा मार्ग यांत शोधावा. तोवर विवरणपत्राचे कामही टीव्हीवर उरकता येते.

दुसरी : स्क्रीन काळी असताना अंधारात टॉर्च तिरकी धरून पाहा. पुसट चित्र दिसले, तर पॅनेल चालू आहे. मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, बंद आहे. बॅटरी न सोडवता केबल लावल्यास बोर्डावरील बॅकलाइटचा बारीक फ्यूज जळू शकतो. हुनरमंद कारागीर तेवढाच फ्यूज बदलतो. त्यासाठी पूर्ण बोर्ड बदलण्याचे कारण नाही.

तिसरी : झाकण सावकाश पुढे-मागे करा. कोनाबरोबर चित्र थरथरत असेल, तर बिजागरीतून जाणाऱ्या केबलवर संशय घ्यावा. बड्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. ॲपलच्या २०१६ च्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये बॅकलाइटचा दोष निघाला आणि मे २०१९ मध्ये कंपनीने त्याच्या मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली.

चौथी : लॅपटॉप सुरू होतानाच एफ-२ किंवा डिलीट दाबून बायोसचा पडदा उघडा. कोणते बटण लागते ते कंपनीप्रमाणे बदलते. रेघा तिथेही दिसल्या, तर दोष विंडोजचा नाही. फॉरमॅटने तो जाणार नाही. तिथे चित्र स्वच्छ आणि विंडोजमध्येच बिघडत असेल, तर डिस्प्लेचा ड्रायव्हर आधी पाहावा. डेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये ‘डी’ धरून पॉवरचे बटण दाबले की स्क्रीन स्वतःची परीक्षा घेते आणि एकामागून एक रंग दाखवते.

आता दुरुस्तीला देतानाची खबरदारी. आधी हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर काढून घ्या. १५.६ इंच हे माप सारखे असले तरी एका पॅनेलला ३० पिनांची केबल लागते, दुसऱ्याला ४० पिनांची. म्हणून जुन्या पॅनेलच्या मागील चिठ्ठीवरचा मॉडेल क्रमांक पाहूनच नवे घ्यावे. काढलेला जुना भाग परत मागा. बिलावर भागाचा क्रमांक आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या.

बिल मागण्यात संकोच कसला? २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा या कायद्यात येत नाही; परंतु केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी ती घेणारा छोटा दुकानदार वा कारागीर ग्राहक ठरू शकतो. सदोष सेवेची तक्रार साधारणपणे दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर सल्ला मिळतो.

कापडाचा ताव हातात घेऊन वीण पारखल्याशिवाय आपण माल उचलत नाही. दुरुस्त झालेला लॅपटॉपही तसाच पारखावा. काउंटरवरच तो सुरू करा, झाकण चार वेळा उघडमीट करा, उजेड कमी-जास्त करून पाहा, दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवा आणि मगच पैसे चुकते करा.