पणजोबांच्या फोटोची चौकट

वंशवेल : लेखांक ९

कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कशा वाचायच्या, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. नावं हाती आली की ती जेनी किंवा फॅमिलीसर्चसारख्या सामायिक वंशवृक्षावर चढवली जातात, आणि तिथे प्रत्येक नावाशेजारी फोटोची एक चौकट असते. वाणगाव-बोईसर पट्ट्यातल्या शेतकरी घरांत पणजोबांचा फोटो मिळणं कठीणच. मग एखादा नातू एआयला सांगतो, ‘१९१० सालचा वाडवळ बागाईतदार, वय पन्नास, डोक्याला पागोटं.’ काही सेकंदांत डाग पडलेला, पिवळसर, अगदी खरा वाटावा असा फोटो तयार होतो.

तो चेहरा पणजोबांचा नसतो. अगणित चित्रं पाहून अशा वर्णनाचा माणूस साधारण कसा दिसेल, एवढंच यंत्र शिकलेलं असतं. धूसर फोटो ‘स्पष्ट’ करून घेतानाही तेच घडतं. पुसलेल्या रेषा परत मिळत नाहीत, त्यांच्या जागी नव्या काढल्या जातात. २०२० मध्ये ‘पल्स’ नावाच्या प्रणालीला बराक ओबामांचा अस्पष्ट फोटो दिला, तेव्हा तिने गोऱ्या माणसाचा चेहरा काढून दिला. ओबामांना जग ओळखतं म्हणून ती चूक उघडी पडली. आपल्या पणजीला पाहिलेलं आता कोण उरलंय? दर्यावर राबणाऱ्या घरातल्या बाईचं गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं यंत्राने पायघोळ केलं, नाकात पेशवाई नथ घातली, तर हरकत कोण घेणार?

आणि एकदा बसलेला चेहरा सहजी उठत नाही. शिवाजी महाराजांचं म्हणून इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच माणसाचं चित्र लोक पाहत होते. १९३३ मध्ये वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतून महाराजांचं अस्सल चित्र पुढे आणलं, तेव्हा ती चूक दुरुस्त झाली. महाराजांसाठी बेंद्रे होते. वाणगावच्या शेतकऱ्यासाठी साधनं धुंडाळायला कोणी संशोधक येणार नाही. सामायिक वृक्षावरचं चित्र विरारची चुलतबहीण उतरवून घेते, कॅनडातला भाचा छापून भिंतीवर लावतो, आणि ते कसं तयार झालं ही माहिती वाटेतच गळून पडते. भरलेली चौकट पाहून खरा फोटो शोधायचंही कोणाच्या मनात येत नाही. मला सर्वांत मोठं नुकसान हे वाटतं.

पूर्वजाला रूप देण्याची ओढ मात्र जुनी आणि खरी आहे. देव्हाऱ्यातला वीराचा टाक घ्या. घोडा, स्वार, हातात शस्त्र. आजा तंतोतंत असा दिसायचा, असं तो टाक कधीच म्हणत नाही. म्हणून त्यात खोटेपणा नाही. एआयचं चित्र फोटोचं सोंग घेऊन पुराव्याच्या जागी बसतं.

याच भागातल्या केळवे-माहीमशी जोडलेली ‘महिकावतीची बखर’ वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले तिचे भाग त्यांनी निरनिराळे करून दाखवले. तीच शिस्त इथे हवी. एआयचं चित्र ठेवायचंच असेल तर ते कोणी, कधी, कशावरून बनवलं हे त्या चित्रावरच ठळक लिहा. खाली लिहिलेली ओळ उतरवून घेताना सुटते. सुधारलेल्या फोटोसोबत मूळ फोटोही ठेवा. मुख्य चौकटीत मात्र एआयचं चित्र नको. तिथे खरेदीखतावरची सही किंवा अंगठा चालेल, राहतं घर, वाडीतली विहीर चालेल. यातलं काहीच नसेल तर चौकट रिकामी असू द्या.

त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. शाळेचा गट-फोटो, गिरणीचं ओळखपत्र, आत्याच्या लग्नातल्या फोटोत मागे उभं असलेलं कोणी, यांतून माणूस सापडतो. येत्या पितृपक्षात सगळे जमाल, तेव्हा प्रत्येकाला आपल्या घरची फोटोंची पेटी सोबत आणायला सांगा.

(पुढील लेखांकात : त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या)