पट्टी सरळ, तर काप सरळ

कपाटाच्या दोन दारांमधली फट वरून खालपर्यंत सारखी नसेल, तर दोष बिजागरीला दिला जातो. खरं म्हणजे तो बऱ्याचदा आधीच, प्लाय कापताना शिरलेला असतो. लोणावळा, कामशेत, पवनाकाठ इथे बंगल्यांची लाकूडकामं वर्षभर चालू असतात. अनेक मिस्त्रींच्या हातात 4 इंची कटर असतं आणि समोर पेन्सिलची रेघ. हात कितीही बसलेला असो, 8 फूट सरळ जाणं त्याच्या रचनेतच नाही. खांद्याभोवती आणि कोपराभोवती फिरणारा हात कमान काढतो. कटर सरळ जातं ते शेजारी क्लॅम्पने आवळलेल्या पट्टीमुळे. म्हणून ‘करवत कोणती?’ हा प्रश्न दुसरा, ‘पट्टी कोणती?’ हा पहिला.

मावळात या प्रश्नाला वेगळं वजन आहे. लोणावळ्यात वर्षाला सरासरी 4 हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हवेतली आर्द्रता 40 टक्के असताना लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या 7-8 टक्के पाणी असतं. ती 90 टक्क्यांवर टिकली की हेच प्रमाण 20 टक्क्यांच्या घरात जातं. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने बरंच फुगतं, लांबीत अगदी थोडं. पण रेषा तिरक्या असतील किंवा गाठ असेल, तर पट्टीच्या दोन कडा सारख्या वाढत नाहीत. 8 फूट लांब आणि 3 इंच रुंद पट्टीच्या दोन कडांत फक्त अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला, तरी मधोमध सुमारे 2 मिलिमीटर बाक येतो. कटर तो बाक इमानाने प्लायवर उतरवतं. उन्हाळ्यात रंधून सरळ केलेली सागवानी पट्टी जुलैत डोळे मिटून वापरू नये, ते याचसाठी.

प्लायची गोष्ट निराळी. त्यात एका थराच्या रेषा उभ्या, पुढच्या थराच्या आडव्या असतात. प्रत्येक थर शेजारच्याला फुगू देत नाही. त्यामुळे 18 मिलिमीटर प्लायची, कारखान्यातून आलेली मूळ कड राखून काढलेली 6 इंच रुंद पट्टी स्वस्त आणि भरवशाची. ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप त्याहून बरा, कारण त्याला दमटपणा बाधतच नाही. याच मावळात, कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे 2 हजार वर्षांच्या लाकडी फासळ्या आजही छताला आहेत. तिथल्या एका शिलालेखात दाराचं काम करणाऱ्या सामी नावाच्या सुताराची नोंद आहे. लाकडाच्या कामाची इतकी जुनी नोंद ज्या मुलखात आहे, तिथल्या आजच्या मिस्त्रीला साधी सरळ पट्टी मिळायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

पट्टी सरळ आहे की नाही, हे तपासायला यंत्र लागत नाही. प्लायवर ठेवून टोकदार पेन्सिलने रेघ मारा. मग पट्टी उलटवून, तीच कड त्याच दोन टोकांना लावून दुसरी रेघ मारा. दोन्ही एकावर एक बसल्या तर पट्टी सरळ. मध्ये फट दिसली, तर बाक त्या फटीच्या निम्मा. चूक दुप्पट होऊन समोर येते, म्हणून साध्या डोळ्यालाही सापडते. पट्टी बांधताना ती ठेवायच्या तुकड्यावर बांधावी; हात सुटला तर कटर टाकाऊ बाजूला भरकटतं. आणि पात्याने खाल्लेलं लाकूड हिशेबात धरा. 1220 मिलिमीटर रुंदीतून चार सारख्या पट्ट्या हव्यात आणि पातं 2 मिलिमीटर खातं, तर तीन कापांत 6 मिलिमीटर गेले. प्रत्येक पट्टी 305 नव्हे, 303.5 मिलिमीटरची.

कड कुठल्या बाजूला फुटेल, हे दातांच्या दिशेवरून कळतं. दात लाकडातून जिथून बाहेर पडतात, तिथल्या तंतूंना मागून आधार नसतो. चिपा तिथेच उडतात. साधी हातकरवत ढकलताना कापते, म्हणून चांगली बाजू वर ठेवावी. हातातल्या गोल करवतीचे दात खालून वर येतात. तिथे चांगली बाजू खाली. जिगसॉचंही तसंच, पण त्याचं अरुंद पातं जाड प्लायमध्ये पट्टी असूनही तिरकं होतं. लांब सरळ कापासाठी ते घेऊ नका.

एखाद-दुसराच प्लाय कापायचा असेल, तर सरकत्या टेबलाचं पॅनल सॉ जिथे आहे अशा दुकानातून कापून आणावा. विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांनी 1906 मध्ये आणलेली ती कल्पना आजही अतिशय अचूक काप देते. नेहमीचं काम असेल, तर 7 इंची गोल करवत, 40 ते 60 दातांचं कार्बाइड पातं आणि ॲल्युमिनियमची पट्टी घ्या. 4 इंची मार्बल कटर मुळात दगड-फरशीसाठी आहे. लाकडी करवतीला असतं तसं आपोआप मिटणारं खालचं झाकण त्याला नसतं. मिनिटाला 12 हजार फेऱ्यांनी त्याच्या पात्याची कड ताशी सुमारे 250 किलोमीटर वेगाने फिरते. काप जरा वाकडा गेला की पातं अडकतं आणि कटर उसळून माणसाच्या अंगावर येतं. म्हणजे पट्टी कपाटाइतकीच बोटांसाठीही आहे. घरमालकांनो, मिस्त्रींशी मजुरी ठरवताना चांगली करवत, पट्टी आणि दोन क्लॅम्प यांचा खर्चही त्यात धरा.