फोटोतला फाटलेला चेहरा

कार्टून म्हणजे पोरांचा खेळ, असे चळवळीतली बरीच मंडळी मानतात. मीही मानत होतो. पिक्सारचा २०१७ सालचा 'कोको' पाहिला आणि मत बदलले.

मेक्सिकोतल्या जोडे शिवणाऱ्या घरातला बारा वर्षांचा मिगेल मेलेल्यांच्या जगात पोहोचतो. तिथे त्याला कळते, की ज्या गायकाचा गावात पुतळा आहे, त्याने गाणी रचलीच नव्हती. रचणाऱ्या मित्राला विष पाजून त्याने ती चोरली. तो मित्र म्हणजे मिगेलचाच पूर्वज. घरच्यांनी मात्र त्याला पळपुटा समजून फोटोतला त्याचा चेहरा फाडून टाकलेला.

बांधव विचारतील, मेलेल्यांना नैवेद्य दाखवणारा सिनेमा आपला कसा? बावीस प्रतिज्ञांतली सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारते, आणि ती पाळलीच पाहिजे. पण या कथेचा प्राण नैवेद्यात नाही. पणजीने जपलेली बापाची पत्रे बाहेर येतात आणि चोरी उघडी पडते. वकील म्हणून सांगतो, पुरावा जपणारी ती म्हातारीच खरी नायिका.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसाच्या पवळाबाईने पठ्ठे बापूरावांसोबत तमाशा गाजवला. ती महाराची लेक, ते कुलकर्णी. लावण्या बापूरावांच्या, त्यांचे नाव राहिले ते योग्यच. पण त्या लावण्यांना रंगमंचावर जिवंत करणाऱ्या पवळाबाईची कथा आपल्या किती मुलींना ठाऊक आहे?

बाबासाहेबांनी बापूरावांची देणगी नाकारल्याची आठवण चळवळीत सांगतात. आपल्या बायकांना नाचवून मिळवलेला पैसा नको, ही त्यामागची भूमिका. ती बरोबरच होती. पण पैसा नाकारणे वेगळे आणि त्या बाईला विसरणे वेगळे. तिचे नाव इतरांनी झाकले असेल, पण लाजेपोटी आपणही फोटोतला एक चेहरा फाडला नाही ना?

मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनने १९५७ साली, धम्मदीक्षेच्या दुसऱ्याच वर्षी, जातककथेवर 'द बनियन डिअर' हा चित्रपट काढला होता. म्हणजे आपल्या कथा चित्रात उतरतात, हे सिद्ध झालेले आहे. आता आपल्या चित्रकार पोरांनी पवळाबाई काढावी, नाचणारी नव्हे, माणूस म्हणून. तोवर येत्या रविवारी विहारात 'कोको' दाखवा आणि घरी गेल्यावर आजीला बोलते करा. मोबाईल आहेच, नोंद ठेवा. पुरावा जपला नाही, तर खटला हरतो.

जय भीम!