मळीतून इंधन काढणारी आसवनी

हंगामात साखर कारखान्यावर गेलं की नजर गव्हाणीवर खिळते. मागच्या अंगाला उभ्या असलेल्या डिस्टिलरीकडे, म्हणजे आसवनीकडे, कुणी सहसा फिरकत नाही. खरी करामत मात्र तिथे चालते.

साखर काढून उरलेली काळी, चिकट मळी हा तिथला कच्चा माल. घट्ट मळीतली साखर यीस्टला सोसत नाही, म्हणून आधी पाणी घालून ती पातळ करतात. टाकीत आंबवण सुरू झाली की तपकिरी फेस चढतो, आंबूस दर्प सुटतो आणि द्रावण आपणहून तापू लागतं. पारा पस्तिशीपलीकडे गेला की यीस्ट मलूल पडतं. त्यामुळे पाळीवरच्या माणसाचा जीव त्या तापमानात अडकलेला असतो.

पुढे ऊर्ध्वपातन. त्याने आंबवणीत तयार झालेल्या अल्कोहोलची शुद्धता 95 टक्क्यांच्या आसपास जाते आणि तिथेच अडते; त्यानंतर पाणी आणि अल्कोहोल एकत्रच वर जातात. पेट्रोलमध्ये मिसळायच्या अल्कोहोलात, म्हणजे इथेनॉलमध्ये, हे पाणी चालत नाही. उरलेलं पाणी झिओलाइटचे मणी टिपतात. त्यांची छिद्रं जेमतेम 3 अँगस्ट्रॉमची. पाण्याचा रेणू आत शिरतो, अल्कोहोलचा बाहेर राहतो. इतकी नेमकी चाळणी मला थक्क करते.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रयोग 2001 साली झाले, त्यांत मिरज आणि मनमाड होतं. 2025मध्ये मिश्रण 20 टक्क्यांवर पोचलं. त्यासाठी ‘बी-हेवी’ मळी, म्हणजे बरीच साखर शिल्लक असलेली मळी, आणि थेट उसाचा रसही वापरात आला. साखर कमी पडेल या धास्तीने डिसेंबर 2023मध्ये केंद्राने रसावर निर्बंध घातले, पुढच्या वर्षी उठवले. माझं मत स्पष्ट आहे: साखर काढून झाल्यावर उरलेल्या मळीचं इंधन करावं. टँकरवर जगणाऱ्या तालुक्यात इंधनासाठी ऊस वाढवणं मला मान्य नाही.

आणि आसवनीची परीक्षा तिच्या सांडपाण्यावरच करावी. लिटरभर अल्कोहोलमागे 8 ते 15 लिटर काळपट स्पेंट वॉश निघतो. तो ओढ्यात गेला की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. आता अनेक ठिकाणी तो आटवून बॉयलरमध्ये जाळतात. त्याच्या राखेत पोटॅश असतं. उसाने जमिनीतून उचललेलं हे पोटॅश दाणेदार खत होऊन शेतकऱ्याला विकलं जातं. एरवी पोटॅशसाठी आपली भिस्त जवळजवळ पूर्णपणे आयातीवर आहे.