यशवंतसागराच्या काठी

पुणे जिल्ह्याला समुद्र लाभलेला नाही. तथापि पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवण गाठून उत्तरेकडील एखाद्या गाडीवाटेने काठावर उतरावे, तर सकाळच्या धुक्यात पैलतीर दिसत नाही. होड्या काठाशी ओढून ठेवलेल्या असतात, जाळी वाळत पडलेली असतात आणि वाऱ्याबरोबर मासळीचा वास येतो. बारामतीहून येथे येण्यास तासाभराहून अधिक वेळ लागत नाही.

हा किनारा मनुष्यनिर्मित आहे. भीमेवर माढा तालुक्यात बांधलेले उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्याने इंदापूर तालुक्याची उत्तर सीमा जलमय केली. यशवंतराव चव्हाण यांच्या नावावरून या जलाशयास 'यशवंतसागर' म्हणतात. समुद्राला रोज भरती-ओहोटी येते. यशवंतसागराला ती वर्षातून एकदाच येते. येथला पाऊस बेताचा. भरती येते ती सह्याद्रीवर पडलेल्या पावसाची आणि वरच्या धरणांतून सुटलेल्या पाण्याची. पुढे हिवाळा-उन्हाळ्यात सिंचनासाठी व पिण्यासाठी पाणी सुटत जाते आणि काठ मागे सरू लागतो. प्रवाशाने कोणत्या महिन्यात यावे, हे या ओहोटीवरूनच ठरवावे लागते.

डिसेंबरपासून उथळ पाणी आणि चिखलाचे पट्टे उघडे पडू लागले की डिकसळ, कुंभारगाव या परिसरात पक्ष्यांची गर्दी होते. रोहित पक्षी येतो तो या चिखलासाठीच. चोच उलटी धरून तो पाणी आत ओढतो, जिभेच्या दाबाने बाहेर ढकलतो आणि चोचीच्या कडेच्या जाळीत अडकलेले शेवाळ व सूक्ष्म जीव गिळतो. त्याच्या पंखांची गुलाबी छटाही या अन्नातूनच येते. पाणी खोल राहिले तर त्याला पाय टेकता येत नाहीत. म्हणून ज्या वर्षी ओहोटी लांबते, त्या वर्षी रोहितही उशिरा येतो. पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात, तर चित्रबलाक वर्षातील बराच काळ येथेच असतो. सूर्योदयानंतरचे दोन तास निरीक्षणास उत्तम. होडी थव्यात घालून पक्षी उडवण्याचा आग्रह काही हौशी मंडळी छायाचित्रासाठी धरतात. तो नावाड्यांनीही मानू नये.

एप्रिल-मे महिन्यांत वृत्तपत्रांत 'उजनी उणे पातळीत' अशी बातमी येते आणि धरण कोरडे पडल्याचा समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. सुमारे ११७ अब्ज घनफूट एकूण साठ्यापैकी जवळजवळ ६३ अब्ज घनफूट हा मृतसाठा आहे. उपयुक्त साठा संपला म्हणजे शून्य, त्याखाली उणे. म्हणजे शून्याला निम्म्याहून अधिक पाणी शिल्लकच असते. पाणी याहूनही बरेच खाली गेले की पळसदेवजवळ पळसनाथाचे प्राचीन मंदिर उघडे पडते. आधी शिखर, मग भिंती, आणि दुष्काळी वर्षी पायथ्यापर्यंत सर्व काही.

मंदिराभोवती जुने पळसदेव गाव होते. ते उठून महामार्गालगत वसले. पाणी उतरले की नव्या गावातील वृद्ध माणसे मुला-नातवंडांना घेऊन तेथे जातात व आपल्या घराचा चौथरा कोठे होता ते दाखवतात. प्रवाशाला हे दृश्य नवलाचे वाटते. परंतु ते दिसणे म्हणजे खालच्या गावांना पाण्याची टंचाई, हेही ध्यानात असावे. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर केली जाते. तेव्हा पिकातून वाट काढू नये आणि मंदिराच्या ढिल्या दगडांवर चढू नये.

होडीविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. जलाशयामुळे समोरासमोरची गावे रस्त्याने फार दूर गेली, त्यामुळे होडी हेच अनेकांचे नित्याचे वाहन आहे. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. एक जण पोहत काठास लागला. उन्हाळ्यातील दुपारनंतरचा वारा येथे अचानक उठतो. जीवरक्षक जाकीट अंगात घातल्यावाचून होडीत पाऊल ठेवू नये, आणि नावाडी 'आज नको' म्हणाला तर वाद घालू नये.

जेवणास भिगवणची मासळी आहेच. कटला, रोहू, मरळ मिळतात. पण जाळ्यात अधिक येते ती चिलापी.

हाताशी आणखी एक दिवस असल्यास जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, नीरा-भीमा संगमावरील नरसिंहपूरला जावे. तेथील लक्ष्मी-नृसिंह हे महाराष्ट्रातील अनेक घराण्यांचे कुलदैवत. बारामती तालुक्यात अष्टविनायकांतील मोरगाव, आणि बारामती शहरात कऱ्हेकाठी कवी मोरोपंतांच्या (१७२९-१७९४) वास्तव्याच्या खुणा आहेत. मोरोपंतांचा जन्म पन्हाळ्याचा. परंतु त्यांचे काव्यलेखन बहुतांशी बारामतीतच झाले.

आषाढी वारीच्या दिवसांत मात्र जलाशय रिकामा असतो आणि सारी गर्दी रस्त्यावर असते. तुकोबारायांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघाली की काटेवाडीस परीट समाज तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतो, आणि मेंढपाळ आपल्या मेंढ्या पालखीभोवती रिंगणात धाववतात. जागा मिळवायची तर पालखीच्या बरेच आधी पोचलेले बरे.